शहारे सरांनी न पाहिलेलं स्वयंपाकघर

शहारे सरांनी माझं प्रमाणपत्र उघडूनही पाहिलं नाही. नागपुरात पाच वर्षं घासून काढलेली ड्रॉइंग्ज मी मोठ्या हौसेने त्यांच्या टेबलावर पसरली होती. त्यांनी सगळ्यात वरची शीट उचलली, उलटी केली, कोरी पाठ खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "हे तूच काढलं कशावरून?" यावर काय बोलायचं ते मला कुठल्या कॉलेजने शिकवलं नव्हतं. मग त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "तुमच्या घराचा प्लॅन काढ. इथंच. राहतेस ना त्यात? मग बघून काढायची गरज नाही."

मी काढला. सरांनी त्याची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि "कळवतो" म्हणाले. रविवारी गावाहून बाबांचा फोन आला. आमचं गाव आमगावच्या पुढे. कोणीतरी हेल्मेटवाला माणूस स्कूटरवरून आपल्या घराला चकरा मारतोय, बहुतेक जमिनीचा दलाल असावा, असं बाबा सांगत होते. कोण गा तुम्ही, असं विचारलं तर "घर पाहून राहिलो" म्हणाला आणि निघून गेला. सोमवारी सरांनी तो कागद टेबलावर ठेवला. "मागच्या भिंतीला दोन खिडक्या आहेत. तू एकच काढली. दुसरी काऊन लपवली?"

दुसरी खिडकी बाबांनी आदल्या उन्हाळ्यात कूलरसाठी भिंत फोडून काढली होती आणि मी तेव्हा नागपुरात होते, हे मी शपथेवर सांगावं तसं सांगितलं. सरांना ते पटलं असं दिसलं नाही. "बरं, उद्यापासून ये," ते म्हणाले, पण जामिनावर सोडल्याच्या सुरात. माझ्या नोकरीची सुरुवात ही अशी झाली.

सरांचं ऑफिस गोंदियाच्या बाजारात, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर होतं. दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावाची आद्याक्षरं आणि पुढे 'आर्किटेक्ट' एवढंच. आडनाव नव्हतं. नवा ग्राहक आला की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हमखास विचारायचा, "सर, आपलं पूर्ण नाव?" त्या प्रश्नासाठीच पाटी अर्धी ठेवली असावी असा मला दाट संशय आहे. सर आपलं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावापर्यंत सावकाश सांगायचे, शेवटी गाव केशोरी तेही जोडायचे, आणि समोरच्या माणसाचं तोंड न्याहाळत बसायचे. तो गेला की मला म्हणायचे, "हा परत येणार नाही," किंवा "हा येईल, पण भाव करेल." बहुतेक वेळा त्यांचा अंदाज खरा ठरायचा आणि त्याचा त्यांना अजिबात आनंद व्हायचा नाही.

केशोरीच्या बौद्ध कुटुंबातला मुलगा. घरी थोडी धानाची शेती. स्कॉलरशिपवर नागपुरात शिकून आर्किटेक्ट झाला, तेव्हा गावातल्या लोकांना तो नक्की काय झाला हेच कळेना. इंजिनिअर म्हणावं तर सरकारी नोकरी नाही आणि मिस्त्री म्हणावं तर हाताला सिमेंट नाही. सुरुवातीची कितीतरी वर्षं त्यांच्याकडे फक्त विहारांची आणि त्यांच्याच समाजातल्या घरांची कामं यायची. पुढे एका राइस मिलवाल्या शेठने त्यांच्याकडून बंगला बांधून घेतला, तो येणाऱ्याजाणाऱ्याला आवडला आणि मग बाकीचे लोक जिना चढू लागले.

तसा आमच्या धंद्यावर गोंदियात कोणाचाच विश्वास नाही. "नक्शा तो ठेकेदार फ्री में देता है," असं लोक तोंडावर सांगतात. सर त्यावर भांडत नसत. "फ्री का है तो जरूर लो," ते म्हणायचे, "बस एक बार पूछ लेना, सीढ़ी कहाँ से जाएगी." शहरात असं एक दुमजली घर होतंच, ज्याचा ठेकेदार जिना विसरला होता आणि घरातली माणसं बाहेरच्या लोखंडी शिडीने वर जात होती. सर मुद्दाम गाडी त्या गल्लीतून न्यायचे.

सर सगळ्यांवर संशय घ्यायचे. वाळूवर, सळईवर, वास्तूवाल्या महाराजांवर, नगरपरिषदेच्या बाबूवर. वाळूच्या ट्रकवरची वरची वाळू चांगली असली की ते ठेकेदाराला म्हणायचे, "वरून देव दाखवून राहिला का बे? खालची काढ." ऑफिसात, साहेब लोकांपुढे, ते अगदी पुस्तकी मराठी बोलायचे. संशय डोक्यात शिरला की मात्र केशोरी बाहेर यायची. त्यामुळे "काऊन" हा शब्द ऐकला की आम्ही सावध व्हायचो.

पण मला खरा त्रास होता तो मापांचा. मी एखादी खोली मोजून आले की सर म्हणायचे, "मोजलं? बरं. चल, आता मी मोजतो." मग त्याच खोलीत परत टेप, परत तेच आकडे. आकडे जुळले तर "हं" म्हणायचे. शाबासकी तर दूरच, उलट जुळले कसे याचा त्यांना संशय यायचा. मला पगारवाढ नको होती, टेबलावर नावाची पाटी नको होती. या माणसाने एकदा, एकदाच, परत न मोजता माझ्या आकड्यावर रेघ ओढावी, एवढंच हवं होतं. आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या मापावर रेघ ओढणं म्हणजे त्या माणसावर घर उभं करणं. ते झालं नाही तर माझी पाच वर्षं फुकट गेली असं मला वाटायचं.

त्यात बाबांनी वेगळाच किडा सोडला. आम्ही पोवार. माळव्यातून आलेली माणसं म्हणून आमच्या लोकांना अजून अभिमान. पोवारांची गावं, पोवारांची शेती, पोवारांची नवी स्लॅबची घरं. बाबा घरी पोवारीत बोलतात. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा, की त्या माणसाने तुला कशाला ठेवलं याचा विचार केलास का? पोवारांच्या घरात शिरायला त्याला एक पोवाराची पोरगी पाहिजे होती. मी बाबांवर चिडले, पण शंका डोक्यातून जाईना. सरांच्या नजरेत मला तेव्हापासून एक हिशेबी झाक दिसू लागली. शेवटी एका दुपारी मी सरळ विचारलं.

"हो," सर कागदावरून मान वर न करता म्हणाले. "त्यासाठीच ठेवलं."

"सर!"

"मग काय सांगू? तुझी ड्रॉइंग्ज पाहून ठेवलं? ती तर मी पाहिलीच नाही." मग मान वर करून म्हणाले, "ठेवलं त्यासाठी. काढलं नाही ते काम पाहून. आता जा, फाटकाचं डिटेल काढ."

त्यानंतर महिन्याभरात टेंभऱ्यांचं काम आलं. सालेकशाच्या वाटेवरच्या एका गावातलं हे मोठं पोवार घराणं. टेंभरे काकांनी शेठचा बंगला पाहिला होता आणि जुन्या घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत त्यांना तसंच पक्कं घर हवं होतं. त्यांच्या आईची, म्हणजे टेंभरे आजींची, एकच अट होती. नवं स्वयंपाकघर जुन्यासारखंच पाहिजे. पोवारांच्या स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात मातीची चौरी असते, म्हणजे कुळाच्या देवांचा छोटा ओटा. आजींना नवी चौरी जुन्याच मापाची, त्याच बाजूला तोंड असलेली हवी होती, कारण जुन्या चौरीची माती तिच्यात जाणार होती.

आम्ही मोजायला गेलो. काकांनी सरांना ओसरीवर खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला, आदराने साहेब साहेब केलं. चहा आला. मला स्टीलच्या ग्लासात आणि सरांना फुलाफुलांच्या कपबशीत. ती कपबशी पाहुण्याच्या मानाची होती की वेगळी ठेवलेली होती, हे देवच जाणे. सरांनी कप उचलला, बशी उलटी करून पाहिली आणि चहा पिऊन टाकला. मग सगळं घर मोजलं. ओसरी, बैठक, माजघर, धानाची कोठी. स्वयंपाकघराच्या दाराशी काका आडवे आले.

"साहेब, तेवढी खोली राहू द्या. आत देव हायेत. लांबी-रुंदी मी तोंडी सांगतो ना."

"तोंडी मापावर मी गोठाही बांधत नाही," सर हसत म्हणाले. पण पाऊल मागे घेतलं.

परतताना गाडीत मी आमच्या लोकांची वकिली सुरू केली. आमच्यात चौरीपाशी कुळाबाहेरच्या कोणालाच जाऊ देत नाहीत, माझी सख्खी आत्या लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेली तर तिलाही आता आमच्या चौरीला हात लावता येत नाही, हा रिवाज आहे, यात तुमच्या जातीचा काही संबंध नाही. सर ऐकत होते. मी जितकं जास्त समजावत होते तितकं माझं मलाच ते खोटं वाटू लागलं होतं.

"तू टेंभऱ्यांच्या कुळातली हायेस का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी बिसेन."

"मंग तुले बी अडवाले पायजे." त्यांनी गिअर बदलला. "बुधवारी तू एकटी आत जा. तुले अडवलं त रिवाज. जाऊ देल्लं त..."

बुधवारी सर काकांना घेऊन मोकळ्या जागेवर पाया कुठून घ्यायचा ते दाखवत उभे राहिले आणि मी एकटी टेप घेऊन आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला दारात अडवावं असं मला मनापासून वाटत होतं. आजी चुलीपाशी बसून लसूण सोलत होत्या. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. "आजी, मी बिसेनांची आहे," मी म्हटलं. "तुमच्या कुळातली नाही." म्हणजे मी त्यांना आयती संधी दिली होती.

"आव बाई, भीतर आव," आजी म्हणाल्या. त्यांनी पाटही सरकवला. मी परत म्हटलं, चौरी आहे ना, चालेल का? त्या हसल्या. चौरीला हात लावू नकोस, बाकी काय, तू आपलीच पोरगी, असं त्यांनी मला पोवारीत सांगितलं. त्या हसण्यात काही काळंबेरं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. मी खोली मोजली. चौरीला न शिवता, टेप जमिनीवर ठेवून, तिचंही माप घेतलं. हळद वाहिलेली ती माती पाहून मला आमची चौरी आठवली आणि माझे हात आपोआप जोडले गेले. तेवढ्यात बाहेरून सरांचा आवाज आला, ते काकांना पाण्याचा उतार समजावत होते.

परत निघालो तेव्हा सर काही विचारेनात. रेल्वेचं फाटक बंद होतं. लांबलचक मालगाडी जात होती, तिचा शेवटचा डबा येता येत नव्हता. मी मनात उत्तर घोटून ठेवलं होतं. अडवलं म्हणून सांगायचं, माप आजींकडून घेतलं म्हणायचं. त्यात कोणाचं काय जात होतं? सरांचं मन राहिलं असतं, काकांची अब्रू राहिली असती आणि माझी वकिलीही खरी ठरली असती.

सर समोर बघत होते. "अडवलं?"

"नाही."

मालगाडीची धडधड चालूच होती. आपण जे बोललो ते तिच्या आवाजात त्यांना ऐकूच आलं नसावं असं मला क्षणभर वाटलं. फाटक उघडलं, मागचे लोक हॉर्न मारायला लागले तरी सरांनी गाडी चालू केली नाही. मग केली. फाटक ओलांडल्यावर म्हणाले, "मापं सांग."

"सर, काम सोडायचं का?"

"काऊन? घर बांधून राहिलो, सोयरीक नाई करून राहिलो."

ऑफिसात आल्यावर ते टेबलाशी बसले आणि मी सांगत गेले तसे आकडे घेत गेले. माझ्या आकड्यांवर त्यांनी स्वयंपाकघराच्या रेघा ओढल्या. परत मोजायला ते जाऊ शकत नव्हते. मला वर्षभर हवी होती ती गोष्ट मिळाली होती, आणि ती कोणामुळे मिळाली हे दिसत असल्यामुळे मला साधं हसूही आलं नाही.

घर उभं राहू लागलं. सर इतर कामांवर आठवड्यातून एकदा जायचे, इथे दर दोन-तीन दिवसांनी. आणि दर वेळी जेवणाचा डबा त्या अर्धवट स्वयंपाकघरात बसून खायचे. भिंती होत्या, छत नव्हतं, तेव्हापासून. मिस्त्री, मजूर सगळे पलीकडच्या झाडाखाली जेवायचे आणि सर एकटे तिथे विटांच्या थप्पीवर. मला वाटलं हा सूड आहे. विचारलं तर म्हणाले, "सावली आहे." छत नसलेल्या खोलीत कसली सावली, हे मी विचारलं नाही. पण त्याच खोलीच्या धुराच्या वाटेसाठी त्यांनी मिस्त्रीशी हमरीतुमरी केली, खिडकी पाडून परत बसवायला लावली, कारण आजींच्या डोळ्यांवर दुपारचं ऊन आलं असतं. ज्याच्यावर सूड उगवायचा त्याच्या डोळ्यांची एवढी काळजी कोण घेतं? मी दोन्ही संशय बाळगून होते.

वास्तूच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचं पाहायला गेलो. सगळीकडे फरशी झाली होती, फक्त चौरीचा कोपरा मातीचा मोकळा ठेवला होता. सर चपला बाहेर काढून आत उभे होते. एवढ्यात आजी आल्या. त्यांनी सरांकडे एकदा पाहिलं. कोपऱ्यापाशी बसून वितीने जागा मोजली, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"तेवढीच हाये," त्या म्हणाल्या. "तंतोतंत तेवढीच. उजेड बी बरा देल्ला साहेब तुम्ही."

माझा जीव भांड्यात पडला. पण सर तिथून हलले नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर बशा उलट्या करून पाहिल्या, लोकांच्या पापण्या वाचल्या आणि स्वतःबद्दल कधी कोणाला तोंडाने विचारलं नाही, त्याने त्या दिवशी विचारलं.

"आजी, उद्या पूजा झाल्यावर मी इथं येऊ का? आत?"

आजींचे हात मातीवर तसेच राहिले. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतका गोंधळ झाला की मलाच पाहवेना. पदर सावरत त्या हळूच म्हणाल्या, "जेवाले या ना, साहेब. नक्की या. मांडव बाहेर टाकला हाये."

"येतो," सर म्हणाले.

गाडीत बसल्यावर ते एकदम हसले. कडवट नव्हे, खरंच हसले. "चला," ते म्हणाले, "एका घराचा तरी संशय मिटला."

दुसऱ्या दिवशी ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मांडवात बसून व्यवस्थित जेवले. आजींनी आतून मला हाक मारली, चौरी बघायला ये म्हणून. मी गेले नाही. त्यात काही क्रांती नव्हती. सरांच्या पानातल्या पुऱ्या संपल्या होत्या, वाढपी दोनदा समोरून निघून गेला होता आणि मला भलताच संशय आला होता. मी उठून वाढप्याला जाब विचारला, तर पुऱ्या सगळ्यांच्याच संपल्या होत्या. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "बिसेन, तू बिघडली."

आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून सर केशोरीला राहतात. ऑफिस मी चालवते. पाटीवर मी माझं पूर्ण नाव लावलं आहे आणि लोक ते वाचून जिना चढतात, काही ते वाचूनच चढतात. त्या माणसांचा मलाही आता संशय येतो.

टेंभऱ्यांच्या घरानंतर सरांनी माझं एकही माप परत तपासलं नाही. इतरांचं तपासायचे, माझं नाही. त्याचा अर्थ मी माझ्या परीने लावला होता. नाइलाजाने एकदा भरोसा ठेवला, आकडे बरोबर निघाले, म्हणून सवय झाली असेल. ऑफिसच्या किल्ल्या मला द्यायला ते आले, त्या दिवशी मी तसं म्हणूनही दाखवलं.

सरांनी नेहमीसारखं माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"आकडे त कोनाचेही बरोबर येतात," ते म्हणाले. "त्या दिवशी फाटकावर तू खोटं बोलली असती ना, त मले बरं वाटलं असतं. तुले ते समजून राहिलं होतं. मी पाहून राहिलो होतो तुह्याकडे. तरी तू खरं बोलली." त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "मंग तुही मापं मी कायले तपासू?"